‘पायरी ओली’ हे गाणे कोणाचे आणि थडग्यातली तिसरी जागा कोणाला

मी, कझाया एन्टविसल, माहेरची होल्डन, वय सदुसष्ट, लढाईत गेलेल्या इनॉक एन्टविसलची विधवा, कामाने साचेवाली, म्हणजे गिरणीत मागावर कापड विणणारी, राहणार अकरा, टेंटर स्ट्रीट, ब्रॅकनशॉ, लँकेशायर, आज हा कागद स्वतःच्या हाताने, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली नसताना लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने आमच्या कोळशेवाल्याला विचारावे. गेल्या खेपेला पोते हलके टाकून पळत होता, त्याला मी गल्लीच्या टोकावरून परत आणला. कान मात्र साच्यांच्या खडखडाटात गेले. म्हणून या कागदाबद्दल ज्याला भांडायचे असेल त्याने माझ्या हयातीत यावे आणि तोंड माझ्याकडे करून भांडावे. मी ओठ वाचते. पाठ फिरवून पुटपुटणाऱ्यांना उत्तर मिळणार नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे वकिलाकडून करून घेतलेले नाही, कारण वकील शब्दावर पैसे घेतात आणि मला पुष्कळ बोलायचे आहे.

कलम पहिले. राहते घर, वरच्या दोन खोल्या, खालच्या दोन, मागचे अंगण आणि अंगणातला संडास, माझी भाची एनिड हिला मिळावे. एनिड ही माझी थोरली बहीण झिला आणि तिचा नवरा अम्ब्रोज शॉरॉक यांची एकुलती एक मुलगी. आईचे हात आणि बापाची जीभ घेऊन जन्मली आहे; उलटे झाले नाही याबद्दल देवाचे आभार. बँकेत जे काही असेल तेही तिचेच. या मृत्युपत्राची व्यवस्थाही तिनेच पाहावी. तिने दाराची पायरी दर शुक्रवारी घासावी आणि पांढरी करावी. शेजारची मिसेस ग्रिमशॉ हल्ली पायरीला रंग मारते. एनिडने रंग मारल्यास घर तिचेच राहील, पण मी ते विसरणार नाही.

कलम दुसरे. याच घराच्या पुढच्या भिंतीवर कोणीही, कधीही, कसलाही फलक लावू नये. हे कलम का लागते ते सांगते.

झिला आणि अम्ब्रोज लग्नानंतर याच घरात राहिले. म्हणून गावाने एक समिती नेमली आहे आणि येत्या युद्धस्मृतिदिनी या भिंतीवर पितळी फलक बसवायचे ठरवले आहे, की ‘साऱ्या फौजेने गायलेले गाणे अम्ब्रोज शॉरॉक यांनी येथे रचले.’ घाई एवढ्यासाठी की डोंगरापलीकडच्या स्टॅनक्लफ गावाने आपला फलक आधीच ओतायला दिला आहे. ते म्हणतात गाणे त्यांच्या वजडीवाल्याने केले. वजडी कापताना. कौंटीची पलटण तिसरेच सांगते, की गाणे त्यांच्या एका सार्जंटने दक्षिण आफ्रिकेत कूच करताना रचले. पलटणीने मला एक मगही पाठवला आहे, त्यावर त्या सार्जंटचे चित्र. मिशा बऱ्या आहेत.

समितीचा अध्यक्ष कौन्सिलर पिलिंग स्वतः टेप घेऊन आला. मी पायरीवर गुडघे टेकून घासत होते. तो पायरीच्या कडेला, जिथे अजून ओले होते तिथे, बूट ठेवून उभा राहिला.

“मिसेस एन्टविसल, दाराच्या उजव्या हाताला लावू म्हणतो. डोळ्याच्या उंचीवर.”

“कोणाच्या डोळ्याच्या? माझ्या की तुमच्या?”

“तुम्ही अभिमान बाळगायला हवा. तुमच्या मेहुण्यांचा मान म्हणजे गावाचा मान.”

“पाय काढा.”

“काय?”

“पायरी ओली आहे. पाय काढा.”

तो हसला. त्याला वाटले मी गाणे म्हणून दाखवतेय. मी बादली उचलली तेव्हा त्याचे हसू गेले. बादली ओतली की नाही याबद्दल गावात दोन मते आहेत. त्याच्या विजारीचे एकच मत आहे.

कलम तिसरे. पुढच्या खोलीतला पियानो अम्ब्रोजचा आहे, हे घर सोडताना तो मागे ठेवून गेलेला. तो त्याने न्यावा. पंधरा वर्षे मी त्यावर इस्त्री ठेवते आहे. डाग पडला असल्यास तक्रार चालणार नाही.

कलम चौथे. माझी कात्री, मागात सूत ओढून घ्यायची आकडी आणि साचेखात्यात घालायचे लाकडी तळाचे बूट स्टॅनक्लफच्या संग्रहालयाला द्यावेत. वजडीवाल्याच्या सुरीशेजारी ठेवावेत आणि खाली लिहावे की ही ब्रॅकनशॉची आहेत. आपल्या गावच्या संग्रहालयाला काही देऊ नये. त्यांनी माझ्याकडे अम्ब्रोजची टोपी मागितली होती, झिलाचे काही मागितले नाही.

पलटणीचा मग मांजराला दूध घालायला आहे तसाच राहावा.

कलम पाचवे. पायरी घासायचा माझ्याकडचा शेवटचा दगड, जो आता साबणाच्या चिपटाएवढा उरला आहे, तो कौन्सिलर पिलिंगला द्यावा. चॅपलमध्ये रंगीत काचेच्या खिडकीखाली त्याच्या बापाचे, जेथ्रो पिलिंगचे, नाव कोरले आहे: ‘बायामुलींचा कनवाळू पालक’. ती अक्षरे घासून काढायला हा दगड पुरेल. न पुरल्यास एनिडने नवा आणून द्यावा. मी मेल्यावर हे वाचून त्याने कोर्टात जावे. बापाबद्दल भर कोर्टात बोलायला बऱ्याच म्हाताऱ्या आनंदाने येतील.

कलम सहावे. हे कलम लांब आहे. बाकीची कलमे याच्यासाठी आहेत.

ते गाणे माझी बहीण झिला हिने केले. अम्ब्रोजने नाही, सार्जंटने नाही, वजडीवाल्याने नाही. तिने ते अल्बियन गिरणीच्या साचेखात्यात केले, तेव्हा ती वीस वर्षांची होती. अम्ब्रोज त्या वेळी ब्लॅकबर्नमध्ये मासे विकत होता.

साचेखात्यात आवाज किती असतो हे सांगून कळत नाही. शेजारणीच्या कानाशी ओरडले तरी ऐकू जायचे नाही. म्हणून आम्ही आवाज न काढता बोलायचो. ओठ मोठे करायचे, भुवया उडवायच्या, हातांनी थोडी मदत करायची, की चार साच्यांपलीकडची बाई सगळे समजायची. कोणाला मूल राहिले, कोणाचा नवरा पिऊन आला, कोणाचा धोटा उडून काच फुटली, सगळे आमच्या ओठांवर असायचे आणि मधून चालत जाणाऱ्या मालकाला काही कळायचे नाही.

मी त्या खात्यात शिकाऊ म्हणून लागले तेव्हा चौदा वर्षांची होते. आमच्या बाजूचा जॉबर होता जेथ्रो पिलिंग. साचा बिघडला की जॉबर येऊन नीट करतो. साचा बंद तर मजुरी बंद, म्हणजे बाईची आठवड्याची भाकरी त्याच्या हातात. काही जॉबर सज्जन असतात. पिलिंगला साचा लवकर नीट करून द्यायचा मोबदला हवा असे आणि तो कापडाच्या ठाणांमागच्या कोठीत घेत असे. तरुण मुलगी असेल तर साचा बिघडलेला नसतानाही बिघडत असे.

मी लागले त्याच आठवड्यात झिलाने ते गाणे केले. आता ते जगाला पाठ आहे:

पायरी ओली, पायरी ओली, आत्ताच केली साफ,
बूट काढून ये रे सख्या, नाहीतर नाही माफ!

आणि मग दोनदा पाय आपटायचे. धप, धप. त्या दोन धपांवर सगळ्यांनी आपापली अक्कल पाजळली आहे. पलटण म्हणते हे कूच करतानाचे पाऊल, म्हणजे गाणे शिपायाचेच. स्टॅनक्लफ म्हणते हा वजडीवाल्याचा सुरा फळीवर पडतो. अम्ब्रोज रेडिओवाल्यांना म्हणाला, “तिथं मला ढोलाचा ठोका ऐकू आला, आतून, इथून,” आणि छातीवर हात ठेवला.

तिथे एक ओळ आहे. ती तोंडाने म्हणायची नाही, फक्त ओठांनी. कारण गाणे आम्ही गिरणीतून घरी जाताना रस्त्यातही म्हणायचो आणि रस्त्यात ते पिलिंगला ऐकू गेले असते. ओळ अशी: ‘पिलिंग आला, दडवा पोरी.’ ओठ हलत असताना ताल सुटू नये म्हणून पायातले लाकडी बूट आपटायचे. पिलिंग साचेखात्याच्या दारात दिसला की पहिली बाई पाय आपटायची. आवाज कोणाला जायचा नाही, पण फरशी हादरलेली सगळ्यांच्या तळव्यांना कळायची. माना वर व्हायच्या, ओळ ओठाओठांवरून पुढे जायची आणि तो आमच्या रांगेत पोचेपर्यंत आम्ही शिकाऊ मुली मोठ्या बायकांच्या मधोमध उभ्या असायचो. कोणीही कोठीच्या बाजूला एकटी सापडायची नाही. पिलिंग रांगेतून जाताना सगळ्या बाया त्याच्याकडे बघून गोड हसत पाय आपटायच्या. त्याला वाटे, खेळीमेळीच्या बाया आहेत.

ते गाणे माझ्यासाठी केलेले होते. हे मी आजवर कोणाला सांगितले नाही, कारण कोणी विचारलेच नाही. सगळे विचारतात ते अम्ब्रोजला.

पुढे झिलाने अम्ब्रोजशी लग्न केले. का, ते तिला माहीत. तो तोवर मासे सोडून नाटकगृहात गाणी म्हणू लागला होता. आवाज चांगला होता, ते मी नाकारत नाही. त्याला एक नवे विनोदी गाणे हवे होते, तर तिने हे दिले. छापायची वेळ आली तेव्हा नाव त्याचे घातले, कारण पिलिंग अजून जॉबर होता आणि झिलाचे चार साचे त्याच्या हातात होते. इथपर्यंत मी अम्ब्रोजला दोष देत नाही.

मग चौदा सालची लढाई आली. आपल्या गावची पोरे एकाच तुकडीत भरती झाली आणि स्टेशनाकडे निघाली तेव्हा तेच गाणे म्हणत होती. माझा इनॉक तिसऱ्या रांगेत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गिरणीच्या बाया उभ्या होत्या. पोरांनी धप, धप केले आणि सवयीने आम्हा सगळ्यांचे ओठ हलले, आवाज न करता, साऱ्या रस्त्यावर एकदम. इनॉकने माझ्याकडे बघून हात हलवला. त्याला ओठ वाचता येत नव्हते. त्याला वाटले मी त्याला काहीतरी प्रेमाचे सांगते आहे. तो फ्रान्समध्ये कुठेतरी आहे, थडगे नाही. तेव्हापासून मला त्या गाण्याचा तिरस्कार आहे आणि तरी ते दुसऱ्याचे म्हटलेले मला सोसत नाही. या दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या आहेत. वकील असता तर त्याने एक खोडायला सांगितली असती.

लढाईनंतर जेथ्रो पिलिंग मेला. झिला याच स्वयंपाकघरात अम्ब्रोजला म्हणाली, “आता सांग की. आता कोण मला कामावरून काढतंय?”

तो आरशासमोर टाय बांधत होता. “आता काय सांगू? मोठमोठ्या जनरलांपुढं गायलंय मी ते. माझं म्हणून.”

“मग सांग, बायकोचं आहे म्हणून.”

“लोक हसतील, झिला.”

“तुझं कामच आहे ना लोकांना हसवायचं?”

“माझ्या गाण्याला हसणं वेगळं, मला हसणं वेगळं.”

तिने पुन्हा कधी विचारले नाही. मी विचारले. दर नाताळात विचारले. तो दर वेळी गाणे कसे सुचले ते नव्याने सांगायचा: प्रेस्टनच्या फलाटावर, विगनला पावसात, पैज लावून, पैज न लावता, एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीत. मी एकदा म्हटले, “अम्ब्रोज, एक फलाट ठरव आणि त्यावर उभा राहा.” तेव्हापासून तो नाताळला माझ्याकडे जेवत नाही. मटण तेवढेच वाचते.

आता थडग्याविषयी. सेंट ओस्वाल्डच्या वरच्या दफनभूमीतली आमची जागा मी घेतलेली आहे, माझ्या नावावर, कागद चहाच्या डब्यामागे आहे. त्यात तीन माणसे मावतात. खाली आई, तिच्यावर झिला. तिसरी जागा रिकामी आहे. ती अम्ब्रोजला हवी आहे आणि समितीने त्यावर संगमरवर बसवायचे कबूल केले आहे, वर सुरावट कोरून, खाली ‘आणि त्यांची पत्नी’ असे.

झिला गेली तेव्हा तिचा आवाज आधीच गेला होता. नर्स म्हणत होती, त्या बोलू शकत नाहीत. झिला माझ्याशी दुपारभर बोलत होती. शेवटी ती ओठांनी म्हणाली, “त्याला माझ्याजवळ ठेव.” मी हो म्हटले. शब्द दिला आहे, तो मोडणार नाही. पण फुकट द्यायचे मी कबूल केलेले नाही.

सबब असे ठरवते: तिसरी जागा अम्ब्रोज शॉरॉक याला मिळावी, एका अटीवर. वर लिहिलेले गाण्याचे सारे खरे आहे आणि गाणे झिलाचे आहे हे मान्य करून त्याने या कागदाखाली साक्षीदार म्हणून सही करावी. त्याने सही न केल्यास तिसऱ्या जागेत मी स्वतः जाईन आणि त्याच्या संगमरवरासह त्याला समितीने हवे तिथे ठेवावे. दोन्हीपैकी काहीही झाले तरी दगडावर एवढेच असावे: ‘झिला शॉरॉक, साचेवाली. ‘पायरी ओली’ हे गाणे हिने केले.’

कलम सातवे. माझ्या दफनाच्या वेळी चॅपलच्या गायकांनी ते गाणे म्हणू नये. म्हणायला सुरुवात केल्यास एनिडने दफनानंतरचे जेवण बंद करावे.

वरील मजकूर आज सकाळी लिहिला. सही करायला दोन साक्षीदार एकाच वेळी हजर लागतात म्हणून दुपारच्या चहाला अम्ब्रोजला आणि शेजारचे मिस्टर कथबर्ट हॅसलम यांना बोलावले. मिस्टर हॅसलम हे वकिलाच्या कचेरीत जन्मभर कारकून होते. जे झाले ते सहीच्या आधी येथे जोडत आहे, कारण त्यामुळे कलम सहावे बदलते. नवा कागद घेणार नाही. हा अर्धा कोरा आहे.

मी सगळा मजकूर मोठ्याने वाचला. बादलीच्या जागी मिस्टर हॅसलम हसले. अम्ब्रोज आल्याचा केक खात होता. झिलाची ती फक्त ओठांनी म्हणायची ओळ आली तेव्हा त्याने बशी खाली ठेवली आणि तोंड खिडकीकडे केले. काहीतरी बोलला.

मी म्हटले, “इकडे तोंड कर.”

त्याने केले. “ही ओळ तिनं मला कधीच सांगितली नाही.”

“तू विचारलीस?”

“विचारली होती. इथं दोन मात्रा रिकाम्या का, म्हणून. म्हणाली, पाय आपट.”

“मग आपटलेस की चाळीस वर्षं.”

“लोक हसायचे तिथं, कझाया. तिथंच सगळ्यात जास्त.”

“हो. हसायचे.”

त्याने टेबलक्लॉथवरचे तुकडे बोटाने गोळा करून बशीत टाकले. मग म्हणाला, “पिलिंगनं तुला कधी हात लावला?”

“नाही. गाणं होतं ना.”

“आणि झिलाला?”

मी खोटे बोलले असते तर चालले असते. पण मला दया आली नाही. मी म्हटले, “गाणं नंतर झालं.”

मिस्टर हॅसलम उठून अंगणात गेले. भला माणूस आहे. आमचे कोंबडीचे खुराडे त्यांनी इतक्या बारकाईने कधी पाहिले नव्हते. अम्ब्रोज जागचा हलला नाही. मी या माणसाला पंचेचाळीस वर्षे पाहते आहे, पण तो बोलत नसताना कसा दिसतो ते मला माहीत नव्हते. म्हातारा दिसतो. मला त्याचा राग आला, की याला हे आत्ता कळते, ते माझ्याकडून आणि माझा केक खाताना. लग्नाला एवढी वर्षे झाली, शेजारी झोपत होती, आणि रिकाम्या दोन मात्रांत काय आहे हे याने एकदाच विचारले.

मिस्टर हॅसलम आत आल्यावर अम्ब्रोज म्हणाला, “पेन द्या.”

तेव्हा मिस्टर हॅसलम यांनी पेनावर हात ठेवला. “थांबा, शॉरॉक. मिसेस एन्टविसल, यात एक घोटाळा झालाय. जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्याच मृत्युपत्राखाली काही घेता येत नाही. सही ग्राह्य, देणं रद्द. त्यांनी सही केली की थडग्यातली जागा गेली.”

“असं कुठं लिहिलंय?”

“कायद्यात. वकिलाकडे गेला असता तर पहिल्या वाक्याला सांगितलं असतं.”

मला राग आला, बहुतेक माझा स्वतःचाच, पण मी तो मिस्टर हॅसलम यांच्यावर काढला. ते शांतपणे म्हणाले, “सोपं आहे. गाण्याची कबुली वेगळ्या कागदावर लिहून घ्या. इथं साक्षीदार म्हणून मी सही करतो, दुसरी मिसेस ग्रिमशॉ करतील. जागा शाबूत राहते.”

अम्ब्रोजने विचारले, “तो वेगळा कागद कुठं राहील?”

“तुमच्याकडे. किंवा समितीला द्या.”

“समिती म्हणजे पिलिंगचा पोरगा. आणि हा?”

“हा या बाईंच्या पश्चात कोर्टात जमा होतो. कायमचा. शिलिंग भरून कोणीही काढून वाचावा.”

“मग हाच,” अम्ब्रोज म्हणाला.

मी म्हटले, “नाटकं करू नकोस. झिलाला मी शब्द दिलाय. तुला तिच्याजवळ ठेवायचं. हा फाडते, उद्या पुन्हा लिहिते.”

“उद्यापर्यंत मला फलाट सुचेल, कझाया. तू ओळखतेस मला.”

“चांगलीच ओळखते.”

“शब्द तू दिलास. मी सोडवतो तुला त्यातून. तिच्याजवळ मी कुठल्या तोंडानं पडू? तू जा तिथं. तुझ्यासाठीच तर केलं होतं तिनं ते. तुला तरी कुठं आहे जागा? इनॉकचं काही नाही तुझ्यापाशी.”

हे त्याने म्हणायला नको होते. मी उठून किटली पुन्हा चुलीवर ठेवली आणि तिथेच पाठ करून थोडा वेळ उभी राहिले. काही बोलले असतील तर ते मी वाचलेले नाही.

मी त्याचे आभार मानले नाहीत. मानणारही नाही. त्याने तिचे नाव तिच्या हयातीत घेतले असते तर मी त्याला तिन्ही जागा दिल्या असत्या आणि स्वतः रस्त्याच्या कडेला पडले असते. आज घेतले, ते मेलेलीला ऐकू जात नाही. पण घेतले आहे, दोन माणसांसमोर, शुद्धीवर असताना, एवढे मी नमूद करते.

सबब कलम सहावे असे बदलते: अम्ब्रोज शॉरॉक याची तिसरी जागा त्याच्या स्वतःच्या सहीने रद्द झाली आहे. ती जागा माझी. मला माझ्या बहिणीजवळ ठेवावे. दगडावरचा मजकूर वर लिहिल्याप्रमाणे. माझे नाव घालायचे असल्यास खाली, लहान, आणि पुढे ‘हिची धाकटी बहीण’ एवढेच.

हे सारे मी वाचून पाहिले, बरोबर आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत, त्यांच्या समोर बसून सही करते.

सही: कझाया एन्टविसल

आमच्या समक्ष सही केली. आम्ही तिच्या समक्ष आणि एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या.

साक्षीदार: कथबर्ट हॅसलम, तेरा, टेंटर स्ट्रीट. धंदा: निवृत्त कारकून.

साक्षीदार: अम्ब्रोज शॉरॉक, चार, चॅपल रो. धंदा: ~~गीतकार~~ गायक.

(धंद्यातली खोडाखोड साक्षीदाराने स्वतःच्या हाताने केली. तिघांना मान्य. क. ए., क. हॅ., अ. शॉ.)

ठिकाण: ब्रॅकनशॉ
तारीख: २८ ऑक्टोबर १९५३